खामकाठची फेरी, पाण्याच्या उलट: लोखंडी पूल ते हिमायत बाग

छत्रपती संभाजीनगरात नव्यानं राहायला आलेला माणूस पहिल्या दोन रविवारांत वेरूळ आणि दौलताबाद उरकतो, तिसऱ्या रविवारी बीबीच्या मकबऱ्यासमोर फोटो काढतो आणि चौथ्या रविवारी विचारतो, "तुमच्या शहराला नदी नाही का हो?" आहे की. छावणीकडं जाताना एका पुलावर कुणी न सांगता तुमचा हात नाकाकडं जातो, तीच ती. तिचं नाव खाम.

नदीकाठची फेरी म्हटलं की डोळ्यांपुढं घाट, दिवे, बाकडी आणि भेळेच्या गाड्या येतात. तसलं काही मनात धरून आलात तर अर्ध्या तासात परत फिराल. नांदेडला गोदावरीचं पात्र बघत वाढलेल्याला खाम म्हणजे ओढाच वाटेल, आणि वाटला तर मी भांडणार नाही. पण चारशे वर्षांमागं मोठी नदी नसलेल्या जागी हे शहर वसवलं गेलं, त्याला पाणी कुठून आणि कसं पाजलं, हे पायी चालत बघायचं असेल तर या ओढ्याचाच काठ धरावा लागतो. ही फेरी मी पाहुण्यांना घेऊन बऱ्याच वेळा केली आहे. चुका करून झाल्या आहेत, त्या तुम्ही परत करू नका म्हणून हा खटाटोप.

एक गोष्ट आधीच पक्की करा: पाण्याच्या उलट चालायचं. खालून वर. सगळे जण आधी पाणचक्की, म्हणजे पाण्यावर फिरणारी जुनी पिठाची चक्की, बघतात, तिथलं झुळझुळ पाणी, मासे, वडाची सावली, आणि मग नदीकडं बघून तोंड वाकडं करतात. उलटं करा. आधी लोखंडी पुलापाशी जा, आज शहर पाण्याचं काय करतं ते बघा. मग एकेक दरवाजा मागं टाकत वर या. पाणचक्कीला पोचाल तेव्हा तिथल्या पाण्याकडं बघायची नजर बदललेली असेल.

कधी जायचं

भाद्रपद सरल्यापासून माघापर्यंत. पावसानं नदी धुऊन गेलेली असते, काठावर हिरवळ असते आणि ऊन सोसवतं. दिवाळीनंतरचे पंधरा दिवस सगळ्यांत चांगले. चैत्र-वैशाखात हा विचारही मनात आणू नका. नदीत उरतं ते फक्त सांडपाणी आणि दहा वाजताच रस्ता तापतो.

भर पावसाळ्यात एक वेगळी अडचण आहे. खाम उत्तरेच्या डोंगरांतून येते, वाटेत हरसूलचा तलाव आहे. तो तलाव भरून सांडव्यावरून पाणी सुटलं की इकडं शहरात पाऊस नसतानाही नदी फुगते. काल ज्या दगडावर बसून शेंगा खाल्ल्या तो दगड आज दिसत नाही, असं होतं. म्हणून श्रावणात जायचंच असेल तर पात्रात उतरायचं नाही, पुलावरून बघायचं.

वार कुठला धरावा? शुक्रवार टाळा, कारण पाणचक्कीच्या आवारात मशीद आणि दर्गा आहे, दुपारच्या नमाजाच्या वेळी आपण मधे घुटमळू नये. गुरुवारी छावणीचा आठवडी बाजार असतो. बाजार बघायचाय तर गुरुवारच गाठा, पण मग नदी राहून जाईल. मी दोनदा असाच लसूण आणि घोंगडी घेऊन घरी आलोय. रविवारी सकाळी रस्ते मोकळे असतात. नवख्यानं रविवारच धरावा.

वेळ साडेसहाची. साडेतीन-चार तास हाताशी ठेवा. अंतर तसं फार नाही, थांबण्यातच वेळ जातो.

पिशवीत काय

पाण्याची बाटली, रुमाल, डासांचं मलम, सुटे पैसे. पायात बूट. चप्पल घालून येणाऱ्यांना मी आता घरूनच परत पाठवतो. कारण सांगतो: एका हिवाळ्यात आमचे दाजी कोल्हापूरहून आले होते, नव्या कोऱ्या कोल्हापुरी पायात. काठावरच्या ओल्या गाळावर पहिल्याच दहा मिनिटांत त्यांचा पाय सरकला. पडले नाहीत, पण एक चप्पल गाळात गेली ती गेलीच. उरलेली फेरी त्यांनी छावणीतून घेतलेल्या रबरी स्लिपरवर केली आणि दर वीस पावलांना म्हणत राहिले, "आमच्या पंचगंगेत चप्पल गेली असती तर वाईट वाटलं नसतं."

दर्ग्याच्या आवारात डोकं झाकायला रुमाल लागतोच, म्हणून तो नाकासाठी एक आणि डोक्यासाठी एक असे दोन घ्या. हे विनोदानं सांगत नाहीये.

लोखंडी पूल आणि इको पार्क

रिक्षावाल्याला "छावणीचा लोखंडी पूल" एवढंच सांगा. रेल्वे स्टेशनहून या किंवा मध्यवर्ती बसस्थानकावरून, पूल कुणालाही माहीत आहे. "खाम नदीवर सोडा" म्हणालात तर तो आरशातून तुमच्याकडं बघेल.

पुलाजवळ नदीकाठी इको पार्क आहे. २०२१ च्या सुमारास महापालिका, छावणी परिषद, उद्योगांतली मंडळी आणि नागरिक यांनी मिळून खाम साफ करायचं काम हाती घेतलं, त्यातून हा काठ उभा राहिला. आधी इथं राडारोडा आणि कचऱ्याचे ढीग होते. ते उचलले, काठाला दगड बसवले, झाडं लावली, चालायला वाट केली, भिंतींवर चित्रं काढली. मी शाळेत असताना या जागेवरून सायकल दामटत, श्वास रोखून जायचो. आता इथं म्हातारी माणसं स्वेटर घालून फेऱ्या मारतात. हा फरक मला मोठा वाटतो, मग पाण्याला अजून वास येतो तो येऊ दे.

वास येतोच. सकाळी थंडीत कमी, ऊन चढलं की जास्त. नवख्यानं इथं एक करावं: पाच मिनिटं काहीही न बोलता उभं राहावं. नाक पाच मिनिटांत सरावतं आणि मग डोळे काम करायला लागतात. एखाद्या पाइपाच्या तोंडावर खंड्या बसलेला असतो, निळ्या पाठीचा. उथळ पाण्यात लांब लाल पायांचे शेकाटे तुरुतुरु चालतात. ढोकरी काठाच्या मातीसारखीच दिसते, उडाली की पंख पांढरे निघतात आणि मग कळतं इथं ती होती. धोबी पक्षी शेपूट हलवत दगडावरून दगडावर. घाण पाण्यात पक्षी कसे, असं पाहुणे हटकून विचारतात. किडे, अळ्या, गाळ हेच तर त्यांचं जेवण. पक्षी दिसले म्हणजे पाणी शुद्ध झालं असं मात्र समजू नका, आणि त्या पाण्यात हात घालू नका.

इथंच पाण्याची दिशा बघून घ्या. एखादं वाळकं पान टाका. पान ज्या बाजूला गेलं तिकडं, पुढं बरंच लांब, गोदावरी आहे. खाम शेवटी तिलाच मिळते. तुम्ही पानाकडं पाठ करायची आणि चालायला लागायचं.

बारापुल्ला

आता एक कटू गोष्ट. काठानं सलग वाट नाही. इको पार्कची वाट संपली की रस्त्यावर यावं लागतं, आणि पुढची नदी तुम्हाला तुकड्या-तुकड्यांनी, पुलांवरून भेटते. गुगलच्या नकाशावर नदीलगत रेघ दिसते म्हणून झुडपांत शिरू नका. कुणाच्या तरी म्हशींच्या गोठ्यात निघाल.

रस्त्यानं बारापुल्ला दरवाजा गाठा. जुन्या शहराला तटबंदी होती, औरंगजेबाच्या काळात १६८२ मध्ये ती बांधली गेली, आणि लहान-मोठे मिळून बावन्न दरवाजे असं आम्ही लहानपणापासून ऐकतो. त्यातले बरेच गेले. नदीच्या अंगाचे काही टिकले, कारण त्यांना जोडून पूल होते आणि पूल लोकांना लागत होते. बारापुल्ला त्यातला एक. नावात बारा आहे. कमानी मोजायचं काम मी दर पाहुण्याला देतो. अजून एकाचाही आकडा दुसऱ्याशी जुळलेला नाही, कारण मोजता-मोजता मागून रिक्षा हॉर्न वाजवते आणि माणूस दचकून पहिल्यापासून सुरू करतो.

दरवाज्याच्या पलीकडं नागसेनवन. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९५० मध्ये सुरू केलेलं मिलिंद महाविद्यालय याच परिसरात आहे. मराठवाड्यातल्या किती गावांतली पहिली पदवीधर पिढी या झाडांखालून गेली. फेरीचा हा भाग नाही, पण दहा मिनिटं आत जाऊन यायला हरकत नाही. सकाळी तिथं अभ्यास करत येरझाऱ्या घालणारी पोरं दिसतात, तोंडात पुटपुटत, हातात वही.

चहा इथंच कुठंतरी घ्या. पोहेही मिळतात. मिल कॉर्नरकडं आलात तर जवळच भडकल दरवाजा आहे, मलिक अंबरानं १६१२ मध्ये मुघलांवरच्या विजयाची आठवण म्हणून बांधलेला. हे नाव लक्षात ठेवा, कारण पुढच्या सगळ्या पाण्याच्या गोष्टी त्याच्यापासून सुरू होतात.

पाणचक्की: इथं घाई करायची नाही

बाकी सगळी फेरी धावत-पळत केलीत तरी चालेल, इथं मात्र तास-दीड तास द्या. तिकीट आहे, फार नाही. आवार वक्फ मंडळाकडं आहे, त्यांचं कार्यालयही इथंच. बूट-चपला कुठं काढायच्या ते पाट्यांवर बघा, दर्ग्याकडं जाताना आवाज खाली घ्या.

इथं बाबा शाह मुसाफिर यांची कबर आहे. मध्य आशियातल्या बुखाऱ्याकडून आलेले हे सूफी, औरंगजेबाच्या काळात इथं राहिले. त्यांच्या गुरूंची, बाबा पलंगपोश यांची, कबरही इथंच. मुसाफिरांभोवती खानकाह, म्हणजे सूफींचा मठ, उभी राहिली: उतरणारे यात्रेकरू, फकीर, शिकणारी मुलं, अनाथ. एवढ्या लोकांना रोज पीठ लागणार. दळणार कोण? उत्तर म्हणून ही चक्की. बांधकाम टप्प्याटप्प्यानं झालं, सतराव्या शतकाच्या अखेरीपासून अठराव्यात.

आता ती चालते कशी, हे समजून घ्यायचं तर आधी भिंतीवरून पडणारा पाण्याचा पडदा बघा. हौदाच्या कडेला एक उंच भिंत आहे आणि तिच्या माथ्यावरून पाणी खाली कोसळतं. पाहुण्यांचा हमखास प्रश्न: "वर मोटर लावलीय का?" मूळ रचनेत मोटर कुठून येणार. पाणी हरसूलच्या बाजूनं, काही किलोमीटर अंतरावरून, जमिनीखालून भाजक्या मातीच्या नळांतून येतं. तिथली जमीन इथल्यापेक्षा उंच. गवंडी लेव्हल काढताना पाण्याची पारदर्शक नळी धरतो ना, एक टोक या खांबाला, दुसरं त्या खांबाला, मधली नळी जमिनीवर लोळत असते तरी दोन्ही टोकांना पाणी एकाच उंचीवर येऊन थांबतं. तीच करामत इथं आहे. मधे नळ कितीही खाली जाऊ दे, शेवटी भिंतीच्या आत पाणी आपल्या मूळ उंचीकडं चढायला बघतं आणि माथ्यावर येऊन सांडतं. दाजींना मी हे तीन वेळा सांगितलं, पटलं नाही; मग शेजारी उभा असलेला एक जण म्हणाला, "अहो, लेव्हलची नळी," आणि ते एका शब्दात समजले. ते स्वतः बांधकामाच्या साइटवर सुपरवायझर आहेत.

या पाणी आणायच्या पद्धतीला इथं नहर म्हणतात. शहराची पहिली मोठी नहर मलिक अंबराची, नहर-ए-अंबरी, १६१७-१८ च्या सुमाराची. अंबरानं १६१० मध्ये खडकी गावाला राजधानी केलं, आणि राजधानीला पाणी नव्हतं. मूळचा आफ्रिकेतला, गुलाम म्हणून विकला गेलेला हा माणूस निजामशाहीचा कर्ता-करविता झाला, गनिमी काव्यानं मुघलांना जेरीस आणलं, हे इतिहासाच्या पुस्तकात असतं. त्यानं लोकांच्या घागरी भरल्या, हे मला त्याहून मोठं वाटतं. पुढं त्याच पद्धतीनं आणखी नहरी झाल्या, पाणचक्कीची त्यांतली सगळ्यांत नावाजलेली. नहरीच्या वाटेवर ठिकठिकाणी चुन्यात बांधलेले उभे मनोरे असतात, जुनी माणसं त्यांना बंबे म्हणतात. नळात कोंडलेली हवा सुटावी, दाब आवरावा, गाळ तळाशी बसावा, अशी त्यांची कामं. शहरात हिंडताना रस्त्याकडेला, कुणाच्या कंपाउंडला चिकटून, एखादा बिनकामाचा वाटणारा जाड खांब दिसला तर थांबा. तो बहुतेक बंबा असतो.

आता चक्कीच्या खोलीत या. अंधार असतो, डोळे सरावू द्या. वर दगडी जातं दिसतं. घरचं जातं आपण खुंट्याला धरून फिरवतो. इथं खुंटा नाही, जात्याच्या पोटातून एक आस खाली गेलेला आहे आणि खाली पात्यांचं आडवं चाक. चाकाच्या पात्यांवर पाण्याचा झोत बसला की चाक, आस आणि वरची तळी एकदमच फिरतात. मधे दात नाहीत, पट्टा नाही. बैल नाही, माणूस नाही. पाणी पुरेसं असेल तेव्हा ते फिरताना दिसतं. उन्हाळ्यात धार बारीक झालेली असते, म्हणूनही हिवाळा धरा म्हटलं. खोलीच्या उंबऱ्यात उभं राहिलं की गार, ओलसर वारा येतो आणि त्याला दगडाचा वास असतो. आमच्या आजीच्या जात्याला यायचा तसाच, पीठ नसतानाही.

बाहेरच्या लांबट हौदात मासे आहेत. बाजूला प्रचंड वड. तो सहाशे वर्षांचा असल्याचं सांगतात. त्याच्या पाराजवळ बसून पाण्याकडं बघत राहा. आणि मग स्वतःला एक प्रश्न विचारा: हौद भरून वाहतो, मग हे पाणी जातं कुठं?

हीच गोष्ट बहुतेक जण न बघता परत जातात. हौदाच्या खाली दालन आहे, खांबांच्या रांगांवर तोललेलं. म्हणजे हौदाचा तळ हेच खालच्या दालनाचं छत. डोक्यावर पाणी साठवलेलं, त्यामुळं भर उन्हाळ्यात खाली गारवा. आवारातून बाहेर पडून महमूद दरवाज्याच्या पुलाकडं आलात की नदीच्या बाजूनं ही रचना नजरेत येते. हौदातलं जास्तीचं पाणी इथून थेट खामेत जात असे. हरसूलकडून उचललेलं पाणी वाटेत तहान भागवून, पीठ दळून, दालन गार करून परत नदीत. सकाळी लोखंडी पुलाशी जे पाणी बघितलंत ते आठवा.

दाजी पुलाच्या कठड्याला टेकून बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "हे असं परत करता येईल का रे?" मी काय सांगणार. म्हटलं, "दाजी, नाश्ता करू या आधी."

महमूद दरवाजा, मकाई दरवाजा, बेगमपुरा

इथून पुढं दोन दरवाजे लागतात. महमूद दरवाजा पाणचक्कीला लागूनच. मकाई दरवाजा थोडा वर. मक्केच्या दिशेला तोंड म्हणून मकाई. दोन्हीकडं कमान अरुंद, वाहनं फार, आणि दुचाकीवाले कमानीत वेग वाढवतात, कमी करत नाहीत. फोटो काढायला रस्त्याच्या मधोमध उभे राहू नका. कठड्याशी उभे राहा, पुलाखालच्या दगडी पायांचे टोकदार नाक बघा, पुराचं पाणी कापायला केलेलं. नदी आज एवढीशी दिसते, पण पूल बांधणाऱ्यांनी तिला एवढीशी समजलेलं नाही.

पुलापलीकडं बेगमपुरा. गल्ल्यांत शिरलात तर थत्ते हौद विचारा, तोही नहरीच्या पाण्यावरचाच. वस्ती दाट आहे, लोकांच्या दारांसमोरून जातो आपण, तेव्हा कॅमेरा गळ्यात ठेवा. मागं एकदा मी हौद शोधत होतो, ओट्यावर भाजी निवडणाऱ्या आजींनी विचारलं, "काय बघायलास बाबा?" म्हटलं, हौद. "पाणी न्यायलास का?" म्हटलं, नाही, नुसतं बघायला. त्यांनी मेथीची जुडी खाली ठेवली आणि मला वरपासून खालपर्यंत बघून घेतलं. पण रस्ता बरोबर सांगितला.

मकबरा इथून जवळ. पण तो या फेरीत कोंबू नका. त्याला वेगळी संध्याकाळ द्या.

हिमायत बाग

मकाई दरवाज्यापासून हिमायत बागेपर्यंत मी रिक्षाच करतो. चालता येतं, पण घाटी रुग्णालयाच्या रस्त्यावरची गर्दी, अँब्युलन्स, फळांचे गाडे, यांतून चालण्यात काही मिळत नाही आणि पाय नुसते दुखतात. आमखास मैदान सांगा किंवा दिल्ली दरवाजा सांगा. परवडेल तसं भाडं आधीच ठरवून घ्या.

बागेत शिरण्यापूर्वी समजून घ्या की ही झोपाळे आणि घसरगुंड्यांची बाग नाही. लेकरांना घसरगुंडीच हवी असेल तर सिद्धार्थ उद्यानात न्या, तिथं ती खूश होतील. हिमायत बाग ही मुघल काळातली, किल्ले अर्कच्या शेजारची बाग. किल्ले अर्क म्हणजे औरंगजेबाच्या हुकमानं १६९२ मध्ये बांधलेला राजवाड्याचा परिसर. बाग सुमारे ३०० एकरांची, आणि आज तिथं परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाचं फळ संशोधन केंद्र आहे. म्हणजे झाडं शोभेची नाहीत, नोंदवहीतली आहेत. गेटवर विचारून आत जा, ज्या वाटा चालणाऱ्यांसाठी मोकळ्या आहेत त्यांवरच राहा, आणि फांदीला हात लावू नका. आंब्याच्या दिवसांत राखण असते आणि राखणदाराच्या नजरेतून काही सुटत नाही, हे मी अनुभवानं सांगतो. तेव्हा मी अकरा वर्षांचा होतो आणि खिशात दोन कैऱ्या होत्या.

इथं आंब्यापेक्षा चिंचा बघा. आम्ही चिंचेला झाड म्हणून कधी किंमत दिली नाही, बांधावर आपोआप येते, गावच्या वेशीवर असते. पण चिंचेचीही निवड करून जात काढतात: कुठल्या झाडाचं बोटुक जाड, गर किती, चिंचोके किती. 'प्रतिष्ठान' नावाची चिंचेची जात इथल्याच संशोधनातून आली, आणि प्रतिष्ठान हे पैठणचं जुनं नाव. कोरडवाहू मराठवाड्यात चिंच आणि सीताफळ ही दोन झाडं शेतकऱ्याला पाण्यावाचून काही ना काही देतात, म्हणून इथं त्यांच्यावर काम होतं.

सकाळी उशिरा पोचलात तरी आत सावली असते. मोर आहेत. आधी ऐकू येतात, मग दिसतात, आणि बहुतेकदा दिसतच नाहीत. जुन्या झाडांखाली पाचोळ्याचा थर इतका जाड आहे की पाऊल टाकलं की कुरकुर आवाज होतो आणि थोडं पुढं काहीतरी पळतं. बहुतेक मुंगूस. क्वचित धामण. म्हणून वाट सोडू नका आणि पुन्हा सांगतो, बूट.

बागेत शक्कर बावडी नावाची जुनी विहीर आहे. नावातच साखर, म्हणजे पाणी कसं होतं ते सांगायला नको. बघायला मिळाली तर कडेपासून लांब उभं राहून बघा, लहान मुलांचा हात सोडू नका. सकाळपासून आपण पाण्याच्या उलट आलो ते जवळपास इथं येऊन थांबतं: खाली गटारासारखी नदी, मधे जमिनीखालून येऊन जातं फिरवणारं पाणी, आणि इथं नुसतं साठून राहिलेलं, गोड नावाचं.

पाय उरले असतील तर रस्ता ओलांडून सलीम अली सरोवराकडं नजर टाका. जुनं नाव खिजरी तलाव. आताचं नाव पक्षीशास्त्रज्ञ सलीम अलींचं. तलाव पक्ष्यांसाठी आहे असं समजून बाहेरूनच बघितलेलं बरं. दुर्बीण असेल तर ती याच वेळी पिशवीतून काढा. लोखंडी पुलाशी काढलीत तर लोकांना वाटतं महापालिकेचा माणूस पाहणीला आला, आणि मग ते आपापल्या गल्लीची तुंबलेली गटारं दाखवायला नेतात.

खाण्याचं

अकरा वाजले असतील. जुन्या शहरात नान-खलिया मिळतो, खमिराचा मऊ पिवळसर नान आणि मटणाचा पातळसर रस्सा. तुघलकाच्या फौजेबरोबर हा पदार्थ इकडं आला असं सांगतात. चांगला खलिया दुपारच्या आत संपतो, म्हणून बागेतून निघताना रेंगाळू नका. मटण न खाणाऱ्यांनी गुलमंडीकडं वळावं, तिथं उपाशी राहायची सोय नाही. आश्विन-कार्तिक असेल तर दौलताबादच्या डोंगराची सीताफळं टोपल्यांत येतात. डोळे उघडलेलं, पांढऱ्या भेगांचं घ्या, त्याच दिवशी खा.

बाई एकट्या असाल तर इको पार्क, पाणचक्की आणि बाग सकाळी निर्धास्त करा. मधले नदीकाठचे तुकडे सोबत असल्याशिवाय नकोत, आणि अंधार पडल्यावर तर कुणीच करू नयेत. म्हाताऱ्या माणसांना आणायचं असेल तर लोखंडी पूल ते पाणचक्की रिक्षा आणि फक्त पाणचक्कीत चालणं, एवढंच ठेवा. स्वच्छतागृहाची सोय पाणचक्कीत बघून घ्या, पुढं बागेपर्यंत अडचण होते.

परतीला दिल्ली दरवाज्यापाशी रिक्षा सहज मिळते. दाजींनी त्या दिवशी रिक्षात बसल्यावर रबरी स्लिपर काढून बघितली, तळव्याला हिमायत बागेतला चिंचोका चिकटला होता. त्यांनी तो खिशात टाकला. गेल्या वर्षी कोल्हापूरला गेलो तेव्हा गच्चीवर डालड्याच्या डब्यात वीतभर रोप होतं. मी विचारलं नाही, त्यांनीही सांगितलं नाही, पण डब्याखाली पाणी गळू नये म्हणून एक जुनी ताटली ठेवली होती आणि तिच्यातलं पाणी ते रोज परत डब्यात ओतत होते.